नंबर नको

"आणि जयमालाबाई, याला नंबर नको," साहेब म्हणाले. चहात साखर नको म्हणावं, तितक्या सहज. मी वहीत शेवटची ओळ उतरवत होते, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. झालं ते एवढंच. अकरा वर्षं हे वाक्य ऐकतेय मी, कानाने ऐकायचं आणि हाताने पाळायचं, पण कधी टोक मोडलं नव्हतं. साहेबांनी मान वर केली. "काय झालं?" "काही नाही," म्हणून मी केबिनच्या बाहेर आले. जिन्याजवळच्या बाकावर गंगू बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. माझ्याकडे बघून तिने भुवया उडवल्या, म्हणजे झालं का? मी मान हलवली, म्हणजे झालं. आणि टायपरायटरचं झाकण काढता काढता मला असा काही राग आला, की वाटलं हे झाकण उचलून खिडकीतून खाली भिरकावून द्यावं. राग साहेबांचा होता म्हणावं तर तसंही नाही. साहेब काही आज बिघडले नव्हते.

नंबर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला वेड लागलं. आमच्या ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक नंबर लागतो. माझ्या टेबलावर लाल कापडी पाठीची एक जाडजूड वही आहे, जावक नोंदवही. तारीख, नंबर, कोणाला, कशाबद्दल. तोच नंबर कागदाच्या डोक्यावर टाकायचा. नंबर असेल तर कागद ऑफिसचा. नसेल तर त्याला आईबाप नाहीत. आता आमचे साहेब कोणालाही नाही म्हणत नाहीत, ही त्यांची ख्याती. शिफारसपत्र मागायला कोणीही या. साहेब बसवतात, पाणी मागवतात, त्याच्या देखत मला बोलावून डिक्टेशन देतात, गोड गोड शब्द घालतात. माणूस बाहेर गेला न गेला तोच मला सांगतात, नंबर नको. टाइप झालं की हिरव्या शाईने सही करतात, आणि तो बिचारा कागद कपाळाला लावून घरी जातो. मग ज्या ऑफिसात तो कागद पोचतो, तिथून खात्री करायला फोन येतो. फोन माझ्या टेबलावर. मी वही उघडते, पानांचा आवाज तिकडे ऐकू जाईल इतपत चाळते आणि सांगते, "अशी काही नोंद नाही हो आमच्याकडे." तिकडून "बरं बरं" म्हणतात. संपलं. साहेबांच्या हाताला डाग नाही, आणि माझं वाक्य शंभर टक्के खरं, कारण नोंद नसतेच. कशी छान सोय आहे बघा! आणि ज्याचं काम झालं नाही तो जन्मभर समजत राहतो की आपलंच नशीब फुटकं, साहेबांनी तर केवढं लिहिलं होतं.

मी टाइप करायला लागले. "कुमारी गंगू जानू ही आमच्या कार्यालयात तीन वर्षे रोजंदारीवर काम करीत होती. ती नम्र, आज्ञाधारक, मनमिळाऊ व कष्टाळू आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास आमच्या शुभेच्छा." हे शब्द माझ्या बोटांना इतके पाठ आहेत की डोळे मिटून टाइप होतात. नावाची जागा सोडली तर गेल्या अकरा वर्षांत साहेबांची सगळी माणसं नम्र, आज्ञाधारक, मनमिळाऊ व कष्टाळूच होती. बरोबर एक वाजता समोरच्या पारसिकच्या डोंगरात सुरुंग उडाले आणि रोजच्यासारख्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. एक वाजला हे आम्हाला घड्याळ सांगत नाही, दगडखाण सांगते. हे बेलापूर तेव्हा, शहाऐंशी साली, असंच होतं. चार इमारती उभ्या, दहा अर्ध्या, मधे धूळ, आणि ऑफिसच्या मागच्या अंगाला, खाडीकडे, गंगूचं गाव. माझ्या टेबलावरून त्या गावाची कौलं दिसतात. जानूचं, म्हणजे गंगूच्या बापाचं, आयुष्य मिठागरात गेलं. मिठागर बुजवून तिथे रस्ता झाला, आणि जानू तेव्हापासून ओट्यावर बसून त्या रस्त्यावरच्या गाड्या बघतो. घर गंगूच्या रोजंदारीवर चालायचं, आमच्याकडे पाकिटं भरायची आणि टपालाची तिकिटं लावायची. ती रोजंदारी महिन्यापूर्वी गेली. आता पनवेलला एका ट्रस्टच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर जागा निघाली होती, मुलाखत बुधवारी, आणि त्यांनी आधीच्या ऑफिसचं पत्र मागितलं होतं. हे मला सगळं माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं.

गंगूला काढलं का, तेही सांगते. त्या दिवशी शिपाई रजेवर होता म्हणून गंगूला दारावर बसवलं. अकराच्या सुमाराला तिच्याच गावची दहाबारा माणसं आली, जमिनीच्या कामाचे अर्ज घेऊन. बायका, म्हातारे, एकाच्या हातात छत्री. साहेबांनी आतून गंगूला सांगितलं, "साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून सांग." ही पण आमची रोजचीच रीत. मी सांगते, शिपाई सांगतो, कोणालाच काही वाटत नाही. गंगू दार लोटून बाहेर आली, आपल्या माणसांसमोर उभी राहिली. मी माझ्या टेबलावरून बघत होते. तिने एकदा मागे बंद दाराकडे बघितलं आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब आतच हायत. आताच चा घेतला त्यांनी. मना खोटा सांगायला सांगतात, पन मी नाय सांगनार." हॉलमधले टायपरायटर थांबले. ती माणसं आत शिरली, आणि साहेबांना त्यांच्या समोर बसून हसावं लागलं, पाणी मागवावं लागलं. साहेब तिच्यावर एका शब्दाने ओरडले नाहीत. साहेब कधीच ओरडत नाहीत. संध्याकाळी पाच वाजता मला म्हणाले, "त्या मुलीला सांगा, उद्यापासून गरज नाही." आणि सांगितलं कोणी? मी. "गंगू, उद्यापासून येऊ नको गं." किती मऊ आवाजात सांगितलं मी! त्या मऊ आवाजाची मला आता शिसारी येते.

तर त्या शुक्रवारी मी पत्र टाइप करून आत नेलं, साहेबांनी सही केली, गंगूला आत बोलावून हसत हसत कागद दिला. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "ताई, साहेबांच्या मनात काय नाय, बगा. मी उगाच घाबरत व्हते." कागद चौकोनी घडी करून ती पिशवीत टाकणार, एवढ्यात माझा हात पुढे गेला. "थांब. शिक्का राहिलाय. कागद माझ्याकडे ठेव, उद्या शनिवार आहे, सकाळी लवकर ये." शिक्का-बिक्का काही राहिला नव्हता. तिने विश्वासाने कागद दिला आणि गेली. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं, आणि संध्याकाळभर त्या ड्रॉवरची किल्ली माझ्या मुठीत होती. बसमध्ये तिकिटासाठी हात उघडला तर तळव्यावर किल्लीचे दात उमटलेले.

माझ्या डोक्यात विलास होता. पाच वर्षांपूर्वीचा. हा पण त्याच गावचा, पोरगा आयटीआय झालेला, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटरची जागा होती. साहेबांनी त्याला असंच बसवलं, पाणी दिलं, असंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात बांधलेला सुक्या बोंबलांचा पुडा घेऊन माझ्याकडे आला. "ताई, तुमी टाइप केला ना? आयने दिलंय." मी नको नको म्हटलं, घेतलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. मी वही चाळली. नोंद नाही हो आमच्याकडे. आणि त्याच संध्याकाळी त्या बोंबलांची चटणी केली. आम्ही नवराबायकोने चवीने खाल्ली. हे लिहिताना लाज वाटते, पण एकदा लिहायलाच बसले तर हे कसं सोडू? विलास त्यानंतर मला एकदा दिसला, नाक्यावर विटांचा ट्रक उतरवताना. त्याने ओळखून हात वर केला. मी बसची वाट बघत असल्यासारखं दुसरीकडे बघितलं. आईशपथ सांगते, बस यायला अजून वीस मिनिटं होती.

श्यामसुंदर, माझा नवरा, गॅलरीत पेपर वाचत होता. आमचा वाशीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सगळी सोसायटी अशीच नोकरदारांची, कोणी गिरणगावातून आलेलं, कोणी कोकणातून, प्रत्येकाच्या दारावर पाटी आणि प्रत्येकाच्या भिंतीला ओल. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून मी सगळं सांगितलं. त्याने पेपर खाली न घेता ऐकलं. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात सुपरिंटेंडेंटच्या बढतीची लिस्ट लागतेय ना तुमची?" म्हटलं, "लागतेय." "शेरा कोण देणार?" "साहेब." "मग?" बस, एवढंच. मग. त्याच्या या 'मग'वर आमचा बारा वर्षांचा संसार झालाय. मी म्हटलं, "मग काय? ती मुलगी बुधवारी तिथे जाऊन बसेल, आणि मी इथे वही चाळेन?" "तू नाही चाळलीस तर दुसरी कोणीतरी चाळेल. तुला काय पडलंय जगाचं? डोक्याला टेन्शन घेऊ नको." आणि मग, मी कप उचलायला लागले तसा, जरा नरमून म्हणाला, "फारच वाटत असेल तर गुपचूप नंबर टाकून दे. साहेबाला कशाला कळतंय?" हे मात्र मला पटलं. पटलं म्हणजे, सुटका झाल्यासारखं वाटलं. कोणाला काही कळणार नाही, गंगूचं काम होईल, माझा शेरा शाबूत. भांडी घासताना मी चक्क गुणगुणत होते.

पण कपाटात कपडे ठेवायला गेले आणि ती खाकी फाइल हाताला लागली. माझी सर्टिफिकिटं. सगळ्यात वर एक पोस्टकार्डाएवढा कागद, कडा पिवळ्या पडलेला. सिताराम मास्तरांचा. ठाकुरद्वारला एका जिन्याखाली त्यांचा टायपिंग क्लास होता, सहा यंत्रं, त्यातल्या दोनांना 'क्ष' नव्हता. एक्काहत्तर साल. बाबा गेलेले, घरात मी थोरली, आणि नोकरी हवी म्हणजे हवीच होती. मास्तर करवादायचे, बोटांवर पट्टी मारायचे, कोणाचं कधी कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. मी भीतभीत पत्र मागितलं. त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं. घरी जाताना वाचलं आणि रस्त्यात रडायलाच आलं. लिहिलं होतं: 'वेग चाळीस. याहून जास्त सांगेन तर खोटं होईल. मुलगी चुका करते. पण चूक रबराने खरवडून लपवत नाही. कागद बदलते आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप करते. मला कागद महाग पडला, पण तुम्ही हिला घ्या.' मला वाटलं मास्तरांनी माझं वाटोळं केलं. तरी दुसरं काही नव्हतं म्हणून तेच घेऊन गेले. फोर्टमधल्या त्या ऑफिसात चष्मा लावलेले एक गृहस्थ होते. टेबलावर दहाबारा पत्रं, सगळी नम्र आणि कष्टाळू. त्यांनी माझं वाचलं, परत वाचलं, आणि मोठ्याने हसले. म्हणाले, "सोमवारपासून या. ही एकच मुलगी आज मला दिसली." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. त्या दिवशी, कपाटापुढे हातात कपडे घेऊन उभी असताना, कळला. आणि कळला तसा गालावर येऊन आदळला. लपवत नाही! मास्तर, तुमची ही मुलगी अकरा वर्षं दुसरं काय करतेय?

शनिवारी आठला ऑफिसात पोचले. झाडूवाला हॉल झाडत होता, धूळ उन्हात उभी. मी वही उघडली, तारीख घातली, पुढचा नंबर घातला, चोवीसशे सतरा. श्यामसुंदरचाच बेत करायचा होता, मी काही एका रात्रीत शूर झाले नव्हते. साहेबांचा कागद ड्रॉवरमधून काढून समोर ठेवला, आणि त्यावर नंबर टाकणार एवढ्यात गंगू आली. चालत आली होती, पायांना गावच्या रस्त्याची पांढरी माती. म्हटलं, "बस. नंबर टाकते आणि देते." ती बसली आणि कागद उचलून वाचायला लागली. काल आनंदात तिने नीट वाचलाच नव्हता. ओठ हलवत, बोट ठेवत वाचला. आणि हसायला लागली. आधी हळू, मग खो खो. "ताई, ही कोन?" "कोण म्हणजे? तू." "ह्यात मी नाय. नम्र नि आज्ञाधारक लिवलंय! मी आज्ञाधारक असते तर काढला कशाला असता?" मी म्हटलं, "अगं असंच लिहितात गं. पद्धत आहे." तिने कागद उलटा करून बघितला, परत सुलटा केला. "विलासदादाच्या कागदात पन हेच लिवलेला. अक्षरनअक्षर. त्याच्याकडं हाय अजून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. येवरा चांगला लिवूनशान बी त्याचा काम कसा नाय झाला, ते आमच्या गावात कोनाला कळला नाय." मग तिने विचारलं, साधंच, संशयाने वगैरे नाही, "नंबर काय असतो, ताई? त्याच्या कागदाला नंबर नव्हता."

झाडूवाला तिकडच्या टोकाला गेला होता. मी सांगू शकले असते की नंबर म्हणजे नुसती ऑफिसची भानगड. तोंडात तयारच होतं, मऊ आवाजासकट. आणि मी सांगितलं नाही. सगळं सांगितलं. फोन कसा येतो, वही कशी चाळते, काय म्हणते. विलासचा फोन कोणत्या दिवशी आला ते सांगितलं. बोंबील सांगितले. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते, वहीच्या लाल पाठीकडे बघत होते, आणि मला वाटत होतं आता ही उठेल, थुंकेल, हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडेल, आणि ओरडू दे, मी म्हटलं मनात, ओरड बाई, तुझा हक्क आहे. गंगू ओरडली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "विलासदादाला मी सांगनार. तुमी पन सांगा. त्याच्या घरी येऊन." म्हटलं, "येईन." "आनि ह्यो कागद मना नको." तिने साहेबांचा कागद माझ्याकडे सरकवला. "तुमी लिवा. तीन वर्सं तुमच्या बाजूला बसले मी. साहेबांनी मना कुठं बगितलंय? तुमी बगितलंय." म्हटलं, "माझ्या सहीला काय किंमत गं? मी हेडक्लार्क." "मना हाय किंमत," गंगू म्हणाली. आणि जरा थांबून, डोळे बारीक करून, "खोटा नका लिवू फक्त."

मी यंत्रात कागद घातला. मागे कार्बन, मागे दुसरा कागद. आणि पहिल्यांदाच, अकरा नाही, पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, काय टाइप करायचं ते मला ठाऊक नव्हतं. बोटं आपोआप 'न' कडे जात होती, नम्रच्या. बोटं उचलून मांडीवर ठेवली आणि समोर बसलेल्या मुलीकडे बघितलं. काय काय आठवलं मला! परत आलेली पाकिटं आठवली. आमच्या जमीन संपादनाच्या नोटिसा गावांत जायच्या आणि निम्म्या परत यायच्या, 'पत्ता अपुरा'. गावात कुठले सेक्टर आणि कुठले घरनंबर! आम्ही त्या ढिगाला दोरी बांधून माळ्यावर टाकत होतो. गंगूने पहिल्याच महिन्यात तो ढीग उतरवला. ही कमळी म्हणजे आंब्याखालची, हा सदू म्हणजे होड्या दुरुस्त करतो तो, या काशीचं लग्न झालं, ती आता उरणच्या बाजूला. असं करत करत चाळीस पाकिटं तिने माणसांच्या हातात नेऊन दिली, सुट्टीच्या दिवशी, पायी. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा एका आंधळ्या म्हातारीला नोटीस वाचून दाखवायला दोन तास बसली म्हणून उशिरा आली, आणि मी, हो मीच, तिचा अर्धा दिवस कापला. तिचा मोठा आवाज आठवला. चुकीची तिकिटं लावलेलं पाकीट साहेबांसमोर टेबलावर ठेवून "ह्यो जानार नाय" म्हणालेली गंगू आठवली. दारावरची गंगू आठवली. मी टाइप करायला लागले. दोन ओळी झाल्यावर चुकले. रबर उचललं, आणि ठेवून दिलं. कागद काढला, फाडला, नवा घातला. पुन्हा चुकले. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा झालं. खाली सही केली, जयमाला, मुख्य लिपिक. डोक्यावर नंबर टाकला, चोवीसशे सतरा, आणि वहीत त्याच्यापुढे लिहिलं, 'कु. गंगू जानू हिचे शिफारसपत्र.' गंगूने वाचलं. या वेळी हसली नाही. "ही मी हाय," म्हणाली आणि कागद घडी न करता दोन्ही हातांत धरून जिना उतरली. साहेबांच्या कागदाचं मी काय केलं? फाडून टोपलीत टाकला. हिरव्या सहीसकट.

त्यानंतरचे दिवस मी शांत होते असं कोणी समजू नये. रविवारी भाजीत दोनदा मीठ घातलं. सोमवारी साहेबांनी हाक मारली की मी आधी जावक वही मिटायचे, आणि ते मागायचे एखादी फाइल. मंगळवारी विलासच्या घरी जायचं ठरवून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. पण परत येताना जाणवलं की माझा नंबर पडलाय, वहीत, शाईने. ती वही कोणी जाळली तरच तो जाईल. या विचाराने एवढी ताठ चालायला लागले मी, की कोपऱ्यावर थांबले, वळले आणि गेले विलासच्या घरी. तिथे काय झालं ते माझ्या आणि त्याच्यातलं आहे. एवढंच सांगते, की त्याच्या आईने मला पाणी दिलं नाही, आणि बरोबर केलं.

बुधवारी पावणेबाराला फोन वाजला. साहेब माझ्याच टेबलाशी उभे होते, सुपरिंटेंडेंटच्या लिस्टसाठी शेरे पाठवायचा लखोटा हातात, मला दिसेल असा. "बघू या हं जयमालाबाई, या वेळी तुमचं काय ते," असं म्हणत होते. मी फोन उचलला. "पनवेलहून बोलतेय, दवाखान्यातून," एका बाईंचा घोगरा आवाज. "तुमच्या ऑफिसचं एक पत्र आलंय, गंगू जानू. खात्री करायची होती." साहेबांना आवाज ऐकू गेला. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, नेहमीची, आणि लखोट्याने वारा घेत उभे राहिले. मी वही उघडली. या वेळी पानं चाळायची गरज नव्हती. म्हटलं, "आहे नोंद. नंबर चोवीसशे सतरा." लखोटा थांबला. तिकडून त्या म्हणाल्या, "मुलगी समोरच बसलीय. म्हणते, फोनवर वाचून घ्या, म्हणजे मी काही बदललं नाही ते कळेल. वाचता का जरा?" मी फाइलमधून कार्बनची प्रत काढली. हॉलमध्ये बावीस माणसं. मी उभी राहिले. बसून माझा आवाज निघाला नसता.

"गंगू जानू माझ्या शेजारच्या टेबलावर तीन वर्षं होती," मी वाचायला सुरुवात केली. "अक्षर बेताचं आहे. आवाज मोठा आहे, खिडकीवर बसवाल तर रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल. पोस्टाने परत केलेली चाळीस पाकिटं तिने माणसं शोधून पायी पोचवली. ते तिचं काम नव्हतं. अशाच कामात ती एकदा उशिरा आली आणि मी तिचा पगार कापला. ती माझी चूक होती. ती आज्ञाधारक नाही. साहेब आत असताना 'साहेब दौऱ्यावर आहेत' असं सांगायला तिला सांगण्यात आलं. ती लोकांना म्हणाली, साहेब आत आहेत. म्हणून तिला कामावरून कमी केलं. त्या दिवशी त्या दारावर मी असते तर खोटं सांगितलं असतं. म्हणून हे पत्र माझ्या सहीने देत आहे. हिला घ्या." हॉलमध्ये एकही यंत्र वाजत नव्हतं. साहेबांचा चेहरा मी बघितला नाही. बघायची हौसच नव्हती. तिकडून बाईंचं घोगरं हसू आलं. "खरंच असं झालं?" "खरंच." "अहो, आमच्या खिडकीवर दिवसाला तीनशे माणसं येतात. लांबलांबून, पोरं काखोटीला मारून. डॉक्टर आहेत का विचारतात, आणि आमच्या मुली येतील येतील म्हणून दुपारपर्यंत बसवून ठेवतात. घेतली मी हिला. उद्यापासून." मी "बरं" म्हटलं. "आणि एक," त्या म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना द्या बघू फोन. असं पत्र ऑफिसातून जाऊ दिलं त्यांनी! आभार मानायचेत मला."

मी मान वर केली. साहेबांनी ऐकलं होतं. त्यांचा हात छातीपाशी आला होता आणि दोन बोटं पंख्यासारखी हलत होती, नाही, नाही, आणि ओठांनी, आवाज न करता, अगदी स्पष्ट सांगत होते: दौऱ्यावर, दौऱ्यावर म्हणून सांगा.

"साहेब आतच आहेत," मी म्हटलं. आवाज खणखणीत निघाला, हॉलच्या पार त्या टोकापर्यंत गेला. "देते." आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरून उभी राहिले.